लपवलेला भूमितीचा पेपर

पत्र : मी वाळवा तालुक्यातील एका गावात राहते. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिचे वडील चाकणला कंपनीत नोकरी करतात आणि महिन्यातून दोनदा घरी येतात. जूनपासून आम्ही घरातला टीव्ही बंद ठेवला आहे, धाकट्याला दिवाळीनंतर आजोळी पाठवले आहे, आणि मी स्वतः शिवणकामाच्या ऑर्डरी घेणे थांबवले आहे, म्हणजे तिला काहीच अडचण होऊ नये. मी तिला रोज पहाटे चारला उठवते. रात्री बारापर्यंत ती वाचत बसलेली असते. तरीही पूर्वपरीक्षेत गणितात ८० पैकी ४१ गुण मिळाले. ‘भूमितीचा पेपर अजून हातात मिळाला नाही,’ असे ती आठ दिवस सांगत होती, आणि परवा कपाट आवरताना तोच पेपर खालच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सापडला. ४० पैकी १८. मी तो होता तसा परत ठेवला आणि अजून तिला काही बोललेले नाही. तिने निदान बीएस्सी नर्सिंगला तरी जावे अशी आमची इच्छा आहे. जावेच्या मुलाला गेल्या वर्षी ९४ टक्के मिळाले. परीक्षेला तीनच आठवडे उरले आहेत. तिचा मोबाइल काढून घ्यावा का? एखादा जास्तीचा क्लास लावावा का? तिने खोटे का बोलावे, हेच मला समजत नाही. — एक आई

तुमचे पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात घोळत राहिला तो तुमच्या मुलीचा १८ हा आकडा नव्हे, तर तुम्ही तो पेपर पुन्हा वर्तमानपत्राखाली सरकवलात तो क्षण. आता त्या घरात एकाच कागदाबद्दल दोघी गप्प आहात. तिला वाटते आईला ठाऊक नाही, आणि तुम्हाला वाटते की बोललो तर ती कोलमडेल. परीक्षेच्या तोंडावर एवढे ओझे दोघींनाही नको, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

खोटे का बोलली, या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्राच्या पहिल्या चार ओळींत आहे. टीव्ही बंद, धाकटा भाऊ आजोळी, आईचे मशीन झाकून ठेवलेले, वडील घरापासून दूर; हे सारे ‘तुझ्यासाठी’ चालले आहे हे तिला कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण ते तिला रोज प्रत्येक खोलीत दिसते. घरातल्या प्रत्येकाने तिच्यासाठी काही ना काही सोडलेले असताना १८ गुणांचा कागद घेऊन त्या घरात शिरणे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला किती जड गेले असेल, याची कल्पना करून पाहा. ती तुम्हाला फसवत नव्हती. तुमच्या त्यागाची परतफेड करता येत नाही याची लाज ती लपवत होती. आपण मुलांसाठी जे सोडतो त्याचा हिशेब आपण ठेवत नसलो, तरी मुले तो ठेवतात.

हे मी दुरून सांगत नाही. मी माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षे गणित शिकवले, आणि माझ्या थोरल्या मुलाच्या दहावीच्या वर्षी नेमकी हीच चूक केली. घरात पाहुणे बंद, क्रिकेट बंद, भिंतीवर तासांचा तक्ता, आणि दर अर्ध्या तासाने मी त्याच्या खोलीवरून एक फेरी मारत असे. कधीही डोकावले तरी तो पुस्तकात मान घालून बसलेला दिसे, आणि मला समाधान वाटे. टेबलावरच्या दुधावर जाड साय धरलेली असते आणि तो तिकडे बघतही नाही, हे मी एकाग्रतेचे लक्षण समजत होतो. नोकरीला लागल्यावर एकदा जेवताना तो हसत हसत म्हणाला, “बाबा, तुमच्या चपलांचा आवाज आला की मी पान उलटायचो.” मी हसलो खरा, पण घास काही लवकर गिळला गेला नाही. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी कोण नुसते पान उलटते आहे हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळत असे, आणि स्वतःच्या घरात कळले नव्हते.

म्हणून आधी तो पेपर बाहेर काढा. तिला समोर बसवून जाब विचारण्याची गरज नाही, भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणजे दोघींचे हात कामात असताना, सरळ सांगा : “कपाट आवरताना तुझा भूमितीचा पेपर मला दिसला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही, ते माझं चुकलं. मला राग आलेला नाही. रविवारी आपण दोघी मिळून तो बघू.” इतकेच बोला आणि दुसऱ्या विषयाकडे वळा. ती रडेल, चिडेल किंवा काहीच बोलणार नाही. त्यातले काहीही झाले तरी त्या दिवशी पुढे ताणू नका.

रविवारी पेपर पाहताना तुम्हाला भूमिती येते की नाही याने काही बिघडत नाही. गेलेल्या २२ गुणांपैकी प्रत्येक गुणासमोर तिच्याकडूनच पेन्सिलीने तीनपैकी एक खूण करून घ्या : मुळात येतच नव्हते, येत होते पण वेळ पुरला नाही, आणि येत होते पण हातून चुकले. माझ्या अनुभवात कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांचेही निम्म्याच्या आसपास गुण शेवटच्या दोन खणांत निघतात. प्रमेय पाठ असते, पण पक्ष आणि साध्य न लिहिताच सिद्धतेला हात घातलेला असतो. त्रिकोणमितीच्या उदाहरणात उंची बरोबर काढलेली असते, पण आकृती नसते आणि उत्तराला एकक नसते. भौमितिक रचनेत स्पर्शिका बरोबर असते, पण बोथट पेन्सिलीमुळे कंसांचे छेदनबिंदू कुठे आहेत ते परीक्षकाला शोधावे लागते. हे गुण परत मिळवण्यासाठी क्लास लागत नाही. टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि आठवडाभराची सवय लागते.

पहिल्या खणासाठी, म्हणजे जे खरोखरच येत नाही त्यासाठी, तीन आठवड्यांत सगळे करायचा हट्ट धरू नका. गणिताचा प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, आणि त्यात बहुपर्यायी, एकेका गुणाचे, चौकटी भरण्याच्या कृतींचे आणि दोन-दोन गुणांचे असे जे पहिले दोन प्रश्न असतात, त्यांचेच मिळून २० गुण होतात. जी मुलगी आज १८ वर आहे, तिने चार गुणांच्या अवघड उदाहरणांशी झटापट करण्याऐवजी प्रत्येक प्रकरणातले हे छोटे प्रश्न पक्के करावेत. समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ आणि निर्देशक भूमिती ही चार प्रकरणे आधी हाती घ्यावीत, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन त्यानंतर. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना भेटून हाच क्रम विचारून घ्या. ते तुमच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगले ओळखतात, आणि परीक्षेआधी शंका घेऊन येणाऱ्या मुलांना परत पाठवणारा शिक्षक मला तरी फारसा भेटलेला नाही. नवा क्लास मात्र आता नको. तिथे नवी पद्धत, नव्या वह्या आणि नवी मुले येतील, रोज तासभर जाण्यायेण्यात जाईल, आणि तिला एवढेच कळेल की आईचा माझ्यावर भरवसा उरलेला नाही.

अभ्यासाच्या तासांबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिले आहे, म्हणून हे जरा स्पष्टच लिहितो. रात्री बारा ते पहाटे चार ही चार तासांची झोप आहे, आणि या वयाच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे मोठे काम झोपेतच होते, त्यामुळे झोप कापून वाचलेली पाने भोक पडलेल्या पिशवीतल्या ज्वारीसारखी असतात. घरी पोहोचेपर्यंत किती उरली ते सांगता येत नाही. तिला रात्री दहाला झोपू द्या आणि सहाला उठू द्या. पहाटेच्या अभ्यासाला आपल्याकडे फार मान आहे, आणि ज्याला तो मानवतो त्याने तो जरूर करावा, पण त्यासाठी आदल्या रात्री नऊला झोपावे लागते, हे आपण सोयीने विसरतो. आणखी एक गोष्ट : बोर्डाचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो. डोके नेमके अकरा ते दोन या वेळेत चालायला हवे, म्हणून शाळा नसेल त्या दिवशी अकराच्या ठोक्याला घड्याळ लावून एक पूर्ण पेपर सोडवण्याची सवय तिला आतापासून लावा. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला सुरुवातीला दहा मिनिटे मिळत असत. २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली जातात. घरी सोडवतानाही हाच हिशेब ठेवावा.

तसेच वाचणे आणि आठवणे यांत फरक आहे. इतिहासाचा तोच धडा चौथ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि आपल्याला येते असा भास होतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला घेतले की खरे काय ते उघडे पडते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत स्वतःला आठवायला लावणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. इथे तुमची खरी मदत होऊ शकते. शिवण घेऊन तिच्याजवळ बसा आणि म्हणा, “आज जे वाचलंस ते मला समजावून सांग, मला काही येत नाही असं धर.” ती अडेल तिथे तिलाच पुस्तक उघडू द्या. ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य तेवढे तोंडातून निघू देऊ नका.

हो, शिवण घेऊन बसा असेच मी लिहिले आहे. मशीनवरचे झाकण काढा आणि ऑर्डरी पुन्हा सुरू करा. आई दिवसभर मोकळी बसून माझ्याकडे बघते आहे, ही भावना मशीनच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त त्रास देते. टीव्हीही संध्याकाळी अर्धा तास लागला तर काही बिघडणार नाही; त्या अर्ध्या तासात तिने तुमच्याशेजारी बसून एखादा विनोदी कार्यक्रम पाहिला, तर तो वेळ वाया गेला असे धरू नका.

मोबाइल काढून घेऊ नका. वर्गाच्या गटावर शाळेच्या सूचना येतात, आणि ओढून घेतलेला फोन ही आणखी एक लपवालपवीची सुरुवात ठरते. त्यापेक्षा रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन, तुमचाही, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे असा नियम करा. नियम सगळ्यांना सारखा असेल तर तिला ती शिक्षा वाटणार नाही. परीक्षेच्या काळात ‘पेपर फुटला’, ‘हेच प्रश्न येणार’ असे निरोप फिरू लागतात. त्यांतला एकही उघडायचा नाही आणि पुढे पाठवायचा नाही, हे मात्र तिला बजावून ठेवा. त्यात अभ्यासाचा वेळ तर जातोच, शिवाय खऱ्या पेपरफुटीच्या चौकशीत असा निरोप पुढे ढकलणाराही अडकू शकतो.

तिच्या वडिलांविषयी तुम्ही फारसे लिहिलेले नाही, पण दूर असलेला बाप रोज रात्री फोनवर काय विचारतो ते मला न सांगताही ठाऊक आहे : “आज किती झालं?” या प्रश्नाला कोणतेही उत्तर कमीच पडते. कितीही झाले असले तरी अजून बरेच राहिलेलेच असते. त्यांना हे पत्र वाचून दाखवा आणि सांगा की परीक्षा संपेपर्यंत फोनवर अभ्यासाचा विषय मुलीने काढला तरच बोलायचे. बाकी वेळ कंपनीच्या कँटीनमध्ये काय जेवलो, खोलीतल्या सोबत्याने काय गोंधळ घातला, हेच सांगावे. मुलीला बापाचा आवाज हवा असतो, हजेरी नको असते. जमल्यास गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी त्यांनी रजा काढून घरी यावे, पण आधी सांगून यावे. अचानक उगवलेला बाप परीक्षेच्या दिवसांत आनंदाइतकाच धास्तीचा विषय होऊ शकतो.

जावेच्या मुलाच्या ९४ टक्क्यांचे काय करायचे, तर काही नाही. तो विषय निघाला की “छान झालं त्याचं” म्हणून चहा टाकायला उठावे. तुमच्या माहितीसाठी मात्र दोन गोष्टी सांगतो, ज्या घरातल्या मोठ्यांनी शांतपणे ऐकाव्यात. पहिली अशी की राज्य मंडळाचा दहावीचा २०२५ चा निकाल ९४.१० टक्के लागला होता, म्हणजे नापास होण्याची जी भीती घरात दबा धरून बसलेली असते ती बहुतेक मुलांच्या बाबतीत खरी ठरत नाही. आपली खरी भीती असते ती चार लोकांत सांगायच्या आकड्याची. दुसरी अशी की दहावीची टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढली जाते. गणित हा तिचा सर्वांत कच्चा विषय असेल, तर त्यात उत्तीर्ण होणे आवश्यकच आहे, पण त्या विषयातले कमी गुण तिच्या एकूण टक्केवारीला खाली ओढणार नाहीत. आणि नर्सिंगचा विषय तुम्हीच काढला आहे म्हणून सांगतो : बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. अकरावी विज्ञानला गणित न घेता जीवशास्त्र घेऊन पुढे जाता येते. म्हणजे जिच्या नावाने तुम्ही रात्री जागता आहात, ती भूमिती त्या दरवाजावरचा पहारेकरी नाहीच. नर्सिंग तिला स्वतःला हवे आहे का, हा प्रश्न मात्र परीक्षा संपल्यावर, मोकळ्या वेळी विचारा, आता नको.

समजा, एखादा पेपर खरोखरच वाईट गेला, तर पुढे काय, हेही तिला एकदा, एकदाच, सांगून ठेवा. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते, गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, आणि गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधाराची परीक्षाही देता येते. हे ऐकून मुले आळशी होतात असे म्हणणारे पालक मला खूप भेटले, पण तसे झालेले मूल माझ्या आठवणीत नाही. खाली जाळे आहे हे कळले की दोरीवर चालणाऱ्याचे पाय उलट स्थिर होतात.

प्रत्यक्ष पेपरांच्या दिवसांविषयी थोडक्यात. केंद्र तालुक्याच्या गावी असेल, तर आधीच्या आठवड्यात एकदा तिच्यासोबत त्याच वेळेच्या एसटीने जाऊन या. साडेदहाला केंद्रावर हजर असायचे, म्हणजे घरून किती वाजता निघावे लागते आणि चुकलीच एसटी तर दुसरी सोय कोणती, हे तेव्हाच कळेल. कारखान्याचा हंगाम चालू असला की आपल्या भागात उसाच्या ट्रॅक्टरांमागे अर्धा तास कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. प्रवेशपत्र हातात येताच नाव, जन्मतारीख आणि विषय तपासा आणि चूक असल्यास त्याच दिवशी शाळेत जा. मासिक पाळी पेपरांच्या दिवसांत येण्याची शक्यता असेल आणि तिला पोटदुखीचा त्रास होत असेल, तर वेदनाशामक कोणते घ्यावे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या शेजारणीच्या सल्ल्याने देऊ नका. पेपर संपवून ती बाहेर आली की “कसा गेला?” असे विचारण्याऐवजी पाण्याची बाटली पुढे करा. तिला सांगायचे असेल तर ती सांगेल. घरी आल्यावर प्रश्नपत्रिका उघडून उत्तरे जुळवत बसणे मात्र कटाक्षाने टाळा. झालेल्या पेपरातला एकही गुण त्याने वाढत नाही आणि उद्याच्या पेपरातले दोन-चार जातात.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. ती सलग बरेच दिवस नीट जेवत नसेल, मैत्रिणींशी बोलणे तोडले असेल, कारण नसताना रडत असेल, किंवा ‘मी नसतेच तर बरं झालं असतं’ अशा आशयाचे काही बोलली, तर ते परीक्षेचे नाटक समजून हसण्यावारी नेऊ नका. ‘तुझ्या मनात जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?’ असे तिला स्पष्ट विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. मनात नुसती धाकधूक असली, तरी तुम्ही स्वतःसाठीही तिथे फोन करू शकता. शिवाय राज्य मंडळ दरवर्षी परीक्षेच्या काळात विभागवार समुपदेशक नेमते. कोल्हापूर विभागाच्या समुपदेशकांचे क्रमांक तुम्हाला शाळेत मिळतील.

राहता राहिला धाकटा. येत्या शनिवारी त्याला आजोळहून घेऊन या. तो दंगा करील, तिची पट्टी पळवील, दोघांची भांडणे होतील, आणि तुम्हाला मध्ये पडावे लागेल. त्याला अभ्यासाच्या वेळी अंगणात पिटाळायचे कामही तुमच्याच गळ्यात येईल. तरीही आणा. भूमितीच्या पेपराबद्दल तिच्याशी बोलायचे आहे ते मात्र तो येण्याआधी बोला, शुक्रवारी संध्याकाळी, घरात दोघीच असाल तेव्हा.